तोंडभर लाल पाणी

ललिताचा आवाज फार गोड होता. तिच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होईल अशी ही एकच गोष्ट.

बॅलार्ड इस्टेटीतल्या एका बोटीच्या कंपनीत ती टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. कानाला पट्टा, छातीवर बोलायचा भोंगा, समोर भोकांची फळी आणि हातात दोऱ्या. "नंबर प्लीज," असं ती म्हणाली की पलीकडच्या माणसाला वाटायचं, आज आपलं काम होणार. तारेतून आवाज जातो, वास जात नाही. म्हणून तर त्या बोर्डावर तिची नोकरी टिकली. दुपारी तिच्या जागी बसायला येणारी मुलगी आधी भोंगा स्पिरिटनं पुसायची, मग खिडकीत वाऱ्यावर धरायची, मग पुन्हा पुसायची. ललिता तेवढा वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत असे. शोधण्यासारखं पर्समध्ये काही नसे.

परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात श्यामकांत नावाचा कारकून होता. मालाच्या चौकशीसाठी तो रोज फोन करायचा आणि चौकशी संपल्यावरही थोडा वेळ फोन धरून ठेवायचा. "तुमचा आवाज ऐकला ना, की दिवस बरा जातो बघा," असं त्यानं एकदा सांगितलं. ललितानं तो दिवस आणि पुढचे बरेच दिवस त्यावर काढले. मग एका शनिवारी तो पेढ्यांचा पुडा घेऊन प्रत्यक्ष आला. ललिता उठून उभी राहिली, हसली, म्हणाली, "बसा ना." तो बसला नाही. त्याला एकाएकी घाई झाली. पुडा टेबलावर तसाच राहिला. सोमवारी त्या गिरणीतून फोन आला तेव्हा पलीकडे दुसराच कोणीतरी बोलत होता. त्याला मालाच्या चौकशीपलीकडे काही नको होतं.

तिला बघायला आलेल्या स्थळांचं हेच झालं होतं. मुलगी गोरी, मॅट्रिक झालेली, गाणारी. लांबून सगळं जमायचं. मग मुलाची आई म्हणायची, "ये हो, अशी माझ्याजवळ बस." तिथं लग्न मोडायचं. "मुलगी छान आहे, पण" असं म्हणून लोक थांबत. फणसवाडीच्या एका बाईंनी मात्र वाक्य पूर्ण केलं. "आमच्या मुलाला जन्मभर खिडकीत डोकं घालून झोपावं लागेल हो," असं त्या जिन्यातच म्हणाल्या. जिन्यात बोललेलं तिन्ही मजल्यांना ऐकू जातं, ही चाळीची सोय.

चाळ गिरगावात, मुगभाटात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घरात ललिता, तिची आई, धाकटा भाऊ रमाकांत आणि त्याची बायको मृणालिनी. ललितानं पस्तिशी ओलांडली होती आणि लग्नाचा विषय आता घरात कोणी काढत नव्हतं.

तिचं तोंड घाण होतं असं मात्र नव्हे. चाळीत तिच्याइतकं स्वच्छ तोंड दुसऱ्या कोणाचं नसेल. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जेवल्यावर तुरटीच्या, संध्याकाळी बाभळीच्या सालीच्या काढ्याच्या. ठाकूरद्वारच्या वैद्यांनी तिळाचं तेल सांगितलं होतं. "गाल फुगतील इतकं भरा. हलवू नका. डोळ्यांना पाणी आलं की थुंका," असं ते म्हणाले. ललिता गॅलरीच्या टोकाला गाल फुगवून उभी राही. डोळ्यांना पाणी यायला वेळ लागत नसे, कारण समोरच्या खोल्यांतली माणसं बघून हसत असत. प्रत्येक औषधाचा थोडा गुण यायचा. पण तो घटकाभर. मग पुन्हा होतं तेच.

आपला वास आपल्याला येत नाही, ही त्यातली खरी मेख. नाक रोजच्या वासाला सरावतं आणि त्याची खबर देणं सोडून देतं. म्हणजे औषध लागू पडलं की नाही हे कळायला ललिताला दुसऱ्याचं नाक लागायचं. आईला विचारलं तर आई म्हणे, "काही येत नाही गं. लोकांना उद्योग नाहीत." आई पूर्वीही हेच म्हणायची, पुढेही हेच म्हणणार. तिच्या म्हणण्यावरून काही ठरवता येत नसे. मृणालिनीला विचारावं लागत नसे. ललिता आत आली की ती पदर नाकाला लावी.

तिला टोपणनाव पडलं ते छप्पन्नच्या जानेवारीत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरगाव पेटलं. नाक्यानाक्यावर दगड, लाठ्या, मग गोळ्या. वाडीच्या तोंडाशी पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी टाकली. धूर जिन्यानं वर चढला. माणसं रुमाल भिजवून नाकाला बांधून गॅलरीत बसली.

पहिल्या मजल्यावर मनमोहन राहायचा. म्युनिसिपालिटीत नोकरी, पांढरा लेंगा, खणखणीत घोषणा. त्या दिवसांत त्यानं एका जखमी पोराला खांद्यावर टाकून हॉस्पिटलपर्यंत नेलं होतं. परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर त्या पोराचं रक्त होतं. चाळ त्याला मान द्यायची आणि तो मान खरा होता. धूर ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी चाळीतली माणसं खाली चौकात जमली होती. कर्फ्यू उठला होता. ललिता कामावर जायला जिना उतरली आणि सगळ्यांना म्हणाली, "काय हो, आता शांत आहे ना सगळं?"

मनमोहननं गळ्यातला रुमाल सावकाश काढला. शेजारच्या बादलीत बुडवला, पिळला आणि नाकाला बांधला.

"नळकांडं आलं रे," तो म्हणाला.

चौक हसला. किती दिवसांनी हसला. माणसं मेली होती, रेशन मिळत नव्हतं, पोलीस कोणालाही उचलत होते. हसायला काहीतरी हवंच होतं, आणि ते आयतं जिना उतरून आलं. तेव्हापासून ललिताचं नाव अश्रुधूर पडलं. तिच्या पावलांचा आवाज आला की कोणीतरी बादलीत रुमाल बुडवी. बायका म्हणत, "शी, असं करू नये," आणि पदराआड हसत. ललिताही हसायची. हसताना तोंड मिटून घ्यायची.

त्याच सुमाराला मृणालिनीला पाचवा महिना लागला होता. पोटुशी बाई, त्यात नाक तिखट झालेलं. फोडणीचा वास नको, रॉकेलचा नको, आणि वन्सं तर अजिबात नकोत. "तुम्ही जरा गॅलरीत जेवाल का, वन्सं? मला उमळून येतं," असं ती म्हणाली. ललिता गॅलरीत जेवू लागली. रमाकांत ताटावर मान खाली घालून बसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला भांडण सोसत नसे, एवढंच.

मे महिन्यात मुलगा झाला, तोही संकष्टीच्या दिवशी. ललितानं प्रसूतिगृहाच्या दारातूनच त्याला पाहिलं आणि तिच्या मनात नाव ठरून गेलं. हेरंब. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. नाव आत्यानं ठेवायचं असतं. बारशाला बाळाच्या कानाशी तोंड नेऊन आत्या जे नाव सांगते ते त्याचं नाव. बायकोचा हक्क नाही, आईचा हक्क नाही, एवढा हक्क तिला फुकट मिळालेला होता. लग्न झालं नाही, मूल झालं नाही, होणार नव्हतं. एका जिवाच्या कानात पहिला शब्द आपण सांगायचा. तो जन्मभर त्या शब्दाला ओ देणार. ललिता बोर्डावर बसून दोऱ्या लावताना मनात म्हणायची, हेरंब, हेरंब.

मृणालिनीला वीरेंद्र हवं होतं. "काय भारदस्त वाटतं," असं ती म्हणे. पण तिला नावापेक्षा दुसरीच काळजी होती. ती तिनं बाळंतिणीच्या खाटेवरून बोलून दाखवली. तिची आई नव्हती, म्हणून दादरहून थोरली बहीण सुमती बाळंतपणाला आली होती. तीही तिथेच बसली होती.

"वन्सं, राग मानू नका," मृणालिनी म्हणाली. "पण एवढंसं तान्हं. त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं म्हणजे."

"कानाजवळ," ललिता म्हणाली.

"कान काय आणि तोंड काय. किती अंतर असतं?"

"आमच्या दादरला एका बारशात आत्या आलीच नव्हती," सुमती म्हणाली. "मावशीनं सांगितलं नाव. काही अडलं नाही."

"आमची ताई सांगेल नाव," रमाकांत दारातून म्हणाला. वर्षभरात त्यानं उच्चारलेलं हे सगळ्यात धीट वाक्य. म्हणून लगेच त्याला पाणी भरायची आठवण झाली.

मृणालिनीनं थोडा विचार केला. "सांगू देत ना. मी कुठं नाही म्हणते? फक्त माझ्या नाकाला पटलं पाहिजे. रोज संध्याकाळी मी बघेन. पटलं तर तुम्ही, नाही तर सुमाताई."

ललिताला यात अपमान दिसला नाही. तिला परीक्षा दिसली आणि परीक्षेला ती नेहमीच चांगली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन ती दातांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर तरुण होते, नवं शिकून आलेले. त्यांनी दात पाहिले. दात चांगले होते. हिरड्या चांगल्या. मग आरसा घशापर्यंत नेला आणि बराच वेळ पाहत राहिले. "तुमच्या टॉन्सिलांना खड्डे आहेत," ते म्हणाले. "त्यात अन्नाचे कण अडकतात, कुजतात, पांढरे खडे होतात. कधी खोकल्यातून पडले असतील."

पडले होते. ललिताला वाटायचं, तो कफ.

"मग गुळण्यांनी?"

"गुळणी जाते रस्त्यापर्यंत. घाण आहे घरात. टॉन्सिल काढून टाका. साधं ऑपरेशन आहे."

"आवाज जाईल?"

"सहसा जात नाही."

ललितानं 'सहसा' तेवढं ऐकलं. आवाजावर तिचं पोट होतं. शिवाय बारसं तोंडावर आलेलं. "तोपर्यंत काहीतरी द्या," ती म्हणाली. डॉक्टरांनी जांभळ्या खड्यांची पुडी दिली. विहिरीत टाकतात तेच पोटॅश. "एक खडा पेलाभर पाण्यात. फिकट गुलाबी दिसलं पाहिजे. जांभळं झालं तर ओतून द्या. गिळायचं नाही. याचा परिणाम फार तर अर्धा तास राहील, हे लक्षात ठेवा."

तिनं लक्षात ठेवलं ते अर्धा तास.

रोज संध्याकाळी कामावरून आली की ती मोरीत बसून लाल पाण्याच्या गुळण्या करायची, आणि मग पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहायची. मृणालिनी खाटेवर उशीला टेकून बसलेली.

"तोंड उघडून हं करा," मृणालिनी म्हणे.

ललिता हं करी.

"येतोय, वन्सं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"आज कमी आहे का?" ललिता विचारी.

"सुमाताई, तू बघ बरं."

सुमती दोन पावलं पुढं येई, नाक वर करी, शेजारणीच्या घरचं मटण ओळखावं तशी. "कमी आहे. पण आहे."

एखाद दिवशी शेजारच्या मालनकाकू मेथीचे लाडू घेऊन आलेल्या असत. मग त्यांनाही हं करून दाखवावं लागे. "पूर्वीपेक्षा पुष्कळच बरं हो," मालनकाकू म्हणत आणि लाडवांच्या डब्यावर झाकण घालत.

कमी आहे, पण आहे. मग पाण्यात एक खडा जास्त पडू लागला. फिकट गुलाबीचं गुलाबी झालं, गुलाबीचं लाल. ललिताच्या दातांवर तपकिरी छटा आली. ऑफिसातल्या शिपायानं विचारलं, "बाई, मिश्री सुरू केली काय?" ती लिंबाची फोड घासून दात पांढरे करी आणि पुन्हा गुळणी करी. जिभेची सालं निघाली. तिखट खाववेना. पण एका संध्याकाळी मृणालिनी उशीवरून पुढं झुकली. तिनं पुन्हा हं करायला लावलं. मग पुन्हा.

"आत्ता नाही येत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आनंद नव्हता. हरलेल्या माणसाला खरं बोलावं लागतं तशी ती बोलली. "पण हे आत्ताचं. त्या दिवशी कानाशी जाताना असंच पाहिजे."

ललिता त्या संध्याकाळी गॅलरीत जेवताना गुणगुणत होती.

बारशाच्या दिवशी घर भरून गेलं. सोयरसुतकासारखी माणसं गोळा झाली होती असं आई गमतीनं म्हणाली आणि मग तिनंच जीभ चावली. पुढच्या खोलीत पाळणा, झेंडूच्या माळा, बायका. पुरुषमंडळी गॅलरीत सतरंजीवर. मध्यभागी मनमोहन. मुंबईचं काय होणार ते तो समजावून सांगत होता. स्वयंपाकघरात घुगऱ्यांचं पातेलं, पेढ्यांची ताटं, खिरीचं पातेलं. ओट्यावर जागा पुरेना म्हणून सुमतीनं मोरीवर पाट आडवे टाकले आणि घुगऱ्यांचं पातेलं त्यावर ठेवलं.

ललितानं मोतिया रंगाचं नऊवारी लुगडं नेसलं होतं. सकाळपासून ती एकच गोष्ट विचारत होती. "नाव किती वाजता?" कोणालाच नक्की माहीत नव्हतं. वेळ गुरुजींनी सांगितली होती, पण बाळ झोपलेलं, एक-दोन पाहुण्या यायच्या, मग बाळानं कपडे ओले केले. अर्धा तास कुठून मोजायचा? आधी गुळणी करून टाकली आणि नाव लांबलं तर सगळं फुकट. म्हणून तिनं मनाशी हिशेब केला. तसा तो बरोबर होता. बायका पाळण्याशी उठल्या की तोंडात पाणी घ्यायचं, हाक येईपर्यंत धरून ठेवायचं, हाक आली की थुंकून सरळ पाळण्याशी जायचं. म्हणजे तोंड ताजं. वैद्यांच्या तेलाची तिला सवय होती. धरून ठेवण्यात तिचा हात धरणारं मुगभाटात कोणी नव्हतं.

बायका उठल्या. ललितानं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पेला तोंडाला लावला. आज तिनं खडे मोजले नव्हते.

गाल फुगवून ती मोरीकडे वळली तेव्हा तिला पाट दिसले, पाटांवर घुगऱ्या दिसल्या. तिथं थुंकणं शक्य नव्हतं. पातेलं उचलावं तर ते दोघींनी उचलायचं होतं, आणि कोणाला हाक मारायला तोंड मोकळं नव्हतं. उरली गॅलरीच्या टोकाची सार्वजनिक मोरी. ती दारापर्यंत गेली. सतरंजीवर पुरुष बसले होते, पायांना पाय लागलेले. त्यांच्यामधून जायचं, फुगलेल्या गालांनी. मनमोहनचा रुमाल त्याच्या मांडीवर होता. त्यानं वर पाहिलं. त्यानं काही केलं नाही, फक्त वर पाहिलं. ललिता मागं फिरली.

पोटॅशचा एक गुण असा की लाळेशी त्याचं जमत नाही. तोंडात ते खर्ची पडत जातं. लाल रंग उतरतो आणि मागं गढूळ तपकिरी पाणी राहतं. पेल्यात घेतलं तेव्हा ते डाळिंबाच्या रसासारखं होतं. आता तिच्या तोंडात गटारीचा रंग होता. हे तिला दिसत नव्हतं.

"आत्या कुठाय? आत्याला बोलवा," पुढच्या खोलीत गलका झाला.

सुमती आत आली. "चला, ललिताबाई, सगळ्या खोळंबल्यात." ललितानं मोरीकडे हात केला. "अहो, घुगऱ्या नंतर. आधी नाव." तिनं ललिताचं मनगट धरलं आणि ओढत पाळण्याशी आणलं.

बाळाला पाळण्याखालून आणि वरून या हातातून त्या हातात देऊन झालं होतं. ते पाळण्यात निजलेलं होतं. पांढरं झबलं, पांढरं टोपडं, कानाची पाळी तेवढी टोपड्याबाहेर. ललितानं ठरवलं, गिळायचं. डॉक्टर गिळू नका म्हणाले होते. पण घोटभर विषानं माणूस लगेच मरत नाही, आणि नाव सांगायला एक श्वास पुरतो. ती वाकली. कान तिच्या ओठांपासून बोटभर होता. तिनं घशाशी घोट नेला.

आत्या कानात नाव सांगायला वाकली की इतर बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ही जुनी रीत आहे. सगळीकडे हसत हसत घालतात. त्या दिवशीही हसतच घातले. मालनकाकूंनी घातला, सुमतीनं घातला, मागच्या चौघींनी घातले. वर्षभर नाकाला पदर लावून जिना चढणाऱ्या बायका होत्या त्या. धपाटे जरा सढळ पडले.

घोट खाली जायच्या ऐवजी वर आला.

सगळं बाळाच्या कानावर, गालावर, टोपड्यावर, झबल्यावर. गढूळ तपकिरी. बाळानं टाहो फोडला. ललिताला ठसका लागला. तिच्या नाकातून पाणी येत होतं, हनुवटीवरून तपकिरी ओघळ मोतिया रंगाच्या लुगड्यावर उतरत होता.

"थुंकली," कोणीतरी म्हणालं. "बाळावर थुंकली."

मृणालिनी पाटावरून उठली. ती ओरडली नाही. तिनं बाळ उचललं, पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि ललिताकडे बघत राहिली. ललिता दोन्ही हात पुढं करून काहीतरी सांगू पाहत होती, पण ठसक्यापुढे शब्द फुटत नव्हता.

"सुमाताई, नाव सांग," मृणालिनी म्हणाली.

सुमतीनं रडत्या बाळाच्या स्वच्छ कानाशी तोंड नेलं. धपाटे या वेळी कोणी घातले नाहीत. "वीरेंद्र," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

गॅलरीत पुरुषमंडळी उठून उभी राहिली होती. "काय झालं?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही," मनमोहन म्हणाला. "आमच्या चाळीत रंगपंचमी उशिरा येते."

घुगऱ्या वाटल्या गेल्या. लोकांनी त्या चवीनं खाल्ल्या.

एक गोष्ट त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आली नाही. ललिता वाकली त्या क्षणी तिच्या तोंडाला कसलाही वास नव्हता. हे फक्त त्या पोराला सांगता आलं असतं.

डॉक्टरांनी बाळाला तपासून काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. गालावरचा तपकिरी डाग आठवडाभरात गेला. झबल्यावरचा गेला नाही. मृणालिनीनं ते झबलं टाकून दिलं नाही. धुऊन घडी करून ठेवलं. दिवाळीच्या आत रमाकांतनं दादरला जागा घेतली. "ऑफिसला जवळ पडतं," असं तो आईला म्हणाला. त्याचं ऑफिस चर्नी रोडला, चाळीपासून हाकेच्या अंतरावर होतं. कधीमधी आईला भेटायला तो एकटाच येई.

पुढच्या वर्षी ललितानं टॉन्सिल काढून घेतल्या. एकटीच गेली, एकटीच आली. आवाज गेला नाही. 'सहसा' जात नाही, तसा नाहीच गेला. बरी झाल्यावर तिनं आईला हं करून दाखवलं. "काही येत नाही गं," आई म्हणाली. ललितानं मान हलवली. मग ऑफिसात नवी लागलेली एक मुलगी होती, जिला कोणी काही सांगितलं नव्हतं, तिला तिनं जवळ बोलावून विचारलं.

"वास?" ती मुलगी म्हणाली. "कसला वास, बाई?"

ललिता टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली. मग जाऊन बोर्डावर बसली.

चाळीला हे सांगायचं कसं? टोपणनाव घशात वाढत नाही, त्याला कापून काढता येत नाही. ती जिना उतरली की बादलीत रुमाल बुडत राहिले. आता बुडवणारी नवी पोरं होती. त्यांना अश्रुधूर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांना वाटे, हा ललिताबाईंच्याच नावाचा खेळ आहे.

साठ साली मे महिन्यात महाराष्ट्र झाला. चाळीवर रोषणाई, मनमोहनच्या गळ्यात हार. त्यानं सगळ्यांना पेढे वाटले, ललितालाही दिला, हात लांब करून. त्याच आठवड्यात एका दुपारी बोर्डावर फोन थोडे होते. रमाकांतच्या शेजाऱ्यांकडे टेलिफोन आलाय आणि पोरगं दिवसभर तिथंच खेळतं, एवढं तिला आईकडून कळलं होतं. नंबर तिनं डिरेक्टरीत शोधून कधीचा पाठ केला होता. तिनं तो फिरवला.

पलीकडे कोणीतरी फोन उचलला. श्वास ऐकू आला. लहान, नाकात शेंबूड असलेला श्वास. मग एक बारीक आवाज. "हॅलो. कोण?"

चार वर्षांचा झाला होता तो. त्यानं कान रिसीव्हरला घट्ट लावला असणार. मुलं लावतात. ललितानं भोंगा ओठांशी ओढला. इथून काही जात नव्हतं, आवाजाशिवाय. पाठीत कोणी धपाटा घालणार नव्हतं.

"हेरंब," ती म्हणाली. जितकं गोड म्हणता येईल तितकं म्हणाली. "हेरंब."

मग, मोठ्यांनी शिकवलेलं वाक्य म्हणायला मिळालं याचा आनंद त्याच्या आवाजात आला.

"इथं हेरंब कोणी नाही," तो म्हणाला. "राँग नंबर."

आणि त्यानं फोन ठेवला.

ललितानं दोरी काढली. बोर्डावर दुसरा दिवा लागला होता. तिनं दोरी तिथं लावली आणि म्हणाली, "नंबर प्लीज." पलीकडच्या माणसाला वाटलं, आज आपलं काम होणार.